काशीच्या राजानं इंग्लंडात खोदवलेला आड

साहेबाच्या देशात पाण्याला काय तोटा, असं आपण धरून चालतो. पण ऑक्सफर्डशायर परगण्यातल्या स्टोक रो या खेड्याला एकेकाळी प्यायच्या पाण्याची मारामार होती. चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावरचं हे लहानसं पॅरिश. पॅरिश म्हणजे मूळची एका चर्चची हद्द. आता कारभार आपल्या ग्रामपंचायतीसारखा. पाऊस पडायचा, पण मातीच्या थराखाली सगळा खडूसारखा चुनखडीचा दगड. पाणी मुरून खोल जायचं. मग लोक प्यायचे काय? डबक्यातलं आणि माती काढलेल्या खड्ड्यांत साचलेलं गढूळ पाणी!

शेजारच्या इप्सडेन गावच्या जमीनदाराचा मुलगा एडवर्ड अँडरडन रीड कंपनी सरकारच्या चाकरीत हिंदुस्थानात आला. १८३१ मध्ये आझमगड भागात त्यानं लोकांसाठी विहीर काढून दिली. काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याचा स्नेह जमला. बोलता बोलता त्यानं आपल्या मुलखातलं पाण्याचं दुखणं त्यांच्या कानावर घातलं. घरातलं शेवटचं पाणी पिऊन टाकलं म्हणून एका आईनं पोराला बदडलं होतं, ही गोष्ट त्यानं महाराजांना सांगितली, असं म्हणतात. पुढं रीड मायदेशी परतला. इंग्लंडात काही दानधर्म करावा असं महाराजांच्या मनात आलं, तेव्हा त्यांना तेच तहानलेलं गाव आठवलं.

१८६३ मध्ये खोदाई सुरू झाली. रुंदी अवघी चार फूट, म्हणजे आपल्या भाषेत आडच. खोली मात्र ३६८ फूट! दीड कुतुबमिनार उभा आत मावेल. हे सगळं माणसांनी हातानं खणलं. २४ मे १८६४ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, आड गावासाठी खुला झाला. वर घुमट उभारला आणि पाणी ओढायच्या यंत्रावर पुढं सोनेरी हत्ती बसवला. भरलेला पोहरा वर यायला दहा मिनिटं लागायची. पण पाणी स्वच्छ आणि सगळ्यांना फुकट.

खरी शहाणपणाची गोष्ट पुढंच आहे. विहीर खोदून, नारळ फोडून महाराज मोकळे झाले नाहीत. राखणदाराला राहायला शेजारी टुमदार घर बांधून दिलं. जागा घेऊन चेरीची बाग लावली, तिचं नाव ‘ईश्री बाग’. फळांच्या उत्पन्नातून आडाची देखभाल व्हावी आणि कुणापुढं हात पसरायची वेळ येऊ नये, अशी ही सोय. कारभार पाहायला विश्वस्त नेमले. पुढं विसाव्या शतकात नळ आले आणि पोहरा थांबला, तोवर दोन पिढ्यांहून जास्त काळ गावानं हे पाणी प्यायलं.

१९६४ मध्ये शताब्दीचा सोहळा झाला. एलिझाबेथ राणीचे पती प्रिन्स फिलिप त्याला हजर होते. त्या दिवशी काशीहून आणलेलं गंगाजल आडात ओतलं गेलं. घुमट आणि हत्ती आजही जागेवर आहेत.

पाण्याची योजना करताना खोदाईच्या खर्चाचा हिशेब सगळेच मांडतात. पुढच्या पन्नास वर्षांची डागडुजी कोण करणार, हे आधी ठरवणारा विरळा. स्टोक रोच्या आडाला पाणी लागलंच, पण तो टिकला तो त्या चेरीच्या झाडांमुळं.