मोतीबिंदू आणि काचबिंदू : नावे सारखी, परिणाम वेगळे

वयाची पन्नाशी ओलांडल्यावर नजर अंधूक होऊ लागली की, मोतीबिंदू असावा आणि तो पिकल्यावर काढता येईल, असे अनेक घरांत गृहीत धरले जाते. अंधूकपणाचे कारण काचबिंदू असेल, तर हे थांबणे महागात पडते. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी बहुतांश रुग्णांना शस्त्रक्रियेने परत मिळते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही.

डोळ्याची रचना लक्षात घेतली की हा फरक स्पष्ट होतो. प्रकाश प्रथम डोळ्याच्या समोरील पारदर्शक पटलातून आणि नंतर बाहुलीतून आत शिरतो. बाहुलीमागील नैसर्गिक भिंग तो डोळ्याच्या मागच्या बाजूस असलेल्या दृष्टिपटलावर केंद्रित करते. दृष्टिपटलावरील संदेश दृष्टीच्या मज्जातंतूमार्फत मेंदूपर्यंत पोहोचतात. मोतीबिंदू हा भिंगाचा विकार आहे, तर काचबिंदू या मज्जातंतूचा.

वाढत्या वयाबरोबर भिंगातील प्रथिनांमध्ये बदल होऊन ते गढूळ होते, हाच मोतीबिंदू. रंग फिके दिसणे, रात्री समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांनी डोळे दिपणे आणि चष्म्याचा नंबर वारंवार बदलणे ही त्याची लक्षणे आहेत. मधुमेह, डोळ्याला झालेली इजा आणि स्टिरॉइडचा दीर्घ वापर यांमुळे तो लवकर होऊ शकतो. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, देशातील ५० वर्षांवरील व्यक्तींच्या अंधत्वामागे सुमारे ६६ टक्के प्रकरणांत मोतीबिंदू हेच कारण होते.

थेंब किंवा गोळ्यांनी मोतीबिंदू विरघळत नाही. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवणे हाच त्यावरील उपचार आहे. प्रचलित ‘फेको’ पद्धतीत ध्वनिलहरींनी भिंगाचे बारीक तुकडे करून ते लहानशा छेदातून शोषून घेतले जातात. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याची आता गरज उरलेली नाही. उलट, अतिपक्व मोतीबिंदूमुळे डोळ्यातील दाब वाढून काचबिंदूही उद्भवू शकतो.

डोळ्याच्या पुढील भागात एक द्रव सतत तयार होतो आणि सूक्ष्म मार्गांनी बाहेर पडतो. हा निचरा मंदावला की डोळ्यातील दाब वाढतो आणि मज्जातंतूची हानी होऊ लागते. हा दाब सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. मात्र दाब या मर्यादेत असतानाही काही जणांना काचबिंदू होतो.

या विकाराच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात वेदना होत नाहीत. प्रथम कडेची दृष्टी जाते आणि समोरचे बराच काळ स्पष्ट दिसत राहते. त्यामुळे रुग्णाला धोक्याची जाणीवच होत नाही. दुसऱ्या प्रकारात निचऱ्याचा मार्ग अचानक बंद होतो. डोळ्यात तीव्र वेदना, लाली, दिव्यांभोवती रंगीत वलये, डोकेदुखी आणि उलट्या अशी लक्षणे दिसतात. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

काचबिंदूवरील उपचार उरलेली दृष्टी राखण्यासाठी असतात. दाब कमी करणारे थेंब, लेझर आणि शस्त्रक्रिया हे त्याचे तीन मार्ग आहेत. थेंब बहुधा आयुष्यभर घालावे लागतात. फरक जाणवत नाही म्हणून ते मध्येच बंद केल्यास हानी पुन्हा सुरू होते. काही थेंब दमा असलेल्यांसाठी घातक ठरू शकतात, म्हणून इतर आजारांची माहिती डॉक्टरांना देणे आवश्यक आहे. डोळ्यांच्या लालीवर किंवा खाजेवर दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडयुक्त थेंब दीर्घकाळ वापरल्यास मोतीबिंदू आणि काचबिंदू हे दोन्ही विकार होऊ शकतात.

चष्म्याचा नंबर तपासल्याने काचबिंदू कळत नाही. त्यासाठी डोळ्यातील दाब, मज्जातंतूची स्थिती आणि दृष्टिक्षेत्र यांची तपासणी करावी लागते. चाळिशीनंतर प्रत्येकाने ती नियमितपणे करून घेणे हिताचे आहे. आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असल्यास, तसेच मधुमेह किंवा मोठ्या उणे नंबरचा चष्मा असल्यास, तक्रार नसली तरी ही तपासणी टाळू नये.