थायरॉईडची गोळी आणि रक्तवाढीची गोळी

भातलावणीच्या दिवसांत मुठा खोऱ्यातील चाळिशीच्या एक ताई दवाखान्यात आल्या. ‘डॉक्टर, दोन वर्षे थायरॉईडची गोळी एकदाही चुकवली नाही. तरी चिखलात उभी राहिले की दम लागतो,’ असे त्या म्हणाल्या. तपासणीत टीएसएच वाढलेले, तर हिमोग्लोबिन जेमतेम ८ ग्रॅम निघाले. महिनाभरापासून त्या रक्तवाढीच्या गोळ्याही घेत होत्या. दोन्ही गोळ्या सकाळच्या चहाबरोबर एकदमच!

इथेच घोटाळा होता. लोह पोटात थायरॉक्सिनला चिकटते आणि ते रक्तात नीट शोषले जात नाही. चहामुळे लोहही कमी शोषले जाते. म्हणजे दोन्ही औषधे निम्मीशिम्मी वाया.

लोह आणि थायरॉईड यांचे नाते आणखी खोल आहे. आयोडीनपासून हार्मोन तयार करणाऱ्या पेरॉक्सिडेज या विकराला लोह लागते. आयव्हरी कोस्टमध्ये गलगंड झालेल्या रक्तक्षयी मुलांना आयोडीनबरोबर लोह दिल्यावर गलगंड अधिक कमी झाल्याचे आढळले. उलट थायरॉईड मंदावले की अनेक स्त्रियांना पाळीत रक्तस्राव जास्त होतो आणि लोह आणखी घटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तेव्हा थायरॉईडच्या रुग्णाने हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे.

आता तेला-तुपाविषयी. थायरॉईड मंद असले की कोलेस्टेरॉल वाढते. घाबरून काही जण तेल बंद करतात, कडक उपास धरतात. फार कमी खाल्ल्याने शरीरातील टी-३ हार्मोन आणखी घटते. तेल बेताने वापरावे. योग्य औषधाने कोलेस्टेरॉल पुष्कळदा आपोआप उतरते. कोणत्याही विशिष्ट तेलाने थायरॉईड बरे होत नाही.

लक्षात ठेवा :
• थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने.
• लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी त्यानंतर किमान चार तासांनी.
• आहारात नाचणी, कडधान्ये, पालेभाजी. वर लिंबू पिळावे. जेवणानंतर लगेच चहा नको.
• मीठ आयोडीनयुक्तच वापरावे.
• डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी वाढवू वा बंद करू नये.

ताईंचा डोस मी वाढवला नाही, फक्त वेळा बदलल्या. तीन महिन्यांनी त्या आल्या, तेव्हा कापणी तोंडावर आली होती आणि हिमोग्लोबिन ११ वर पोचले होते.