हिवाळ्यांतील आजारी वामनवृक्ष

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले म्हणजे नांदेड-लातुराकडील घरांतून एक हळहळ ऐकूं येते. हौसेनें दिवाणखान्यांत मांडलेल्या वामनवृक्षाचीं पानें पिवळीं पडून गळूं लागतात, आणि 'झाड गेलें' असें ठरवून वीस वर्षें जोपासलेला वड उकिरड्यावर टाकला जातो. वास्तविक त्यांतील पुष्कळ झाडें मेलेलीं नसतात. घाईच त्यांचा अंत करते.

ही कला चीनमध्यें उगम पावून जपानांत परिणत झाली. 'बोन्साय' म्हणजे उथळ पात्रांत लावलेलें झाड. वामनवृक्ष ही निराळी जात नव्हे. कुंडींतील वड हा पारावरच्या वडाचाच भाऊ होय. त्याची चिकाटीही तीच. १६२५ पासून जोपासलेला एक पांढरा पाइन ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुस्फोटांत हिरोशिमा येथें भिंतीआड वांचला. यामाकी कुटुंबानें तो १९७६ सालीं अमेरिकेस भेट दिला.

म्हणून प्रथम झाड जिवंत आहे कीं नाहीं हें पहावें. डहाळीची साल नखानें किंचित् खरवडावी. आंत हिरवा ओलावा दिसला तर जीव शाबूत आहे. शेंडा कोरडा निघाला तर खालीं खालीं येत बुंध्यापर्यंत परीक्षा करावी. पिंपळ तर शिशिराच्या अखेरीस स्वभावतःच पानें टाकतो. त्याला रोग समजूं नये.

दुखण्याचें मूळ बहुधा पाण्यांत असतें. थंडींत झाडाची वाढ मंदावते व पाण्याची गरज घटते. पण घरांत उन्हाळ्याचाच नेम चालू रहातो. त्यांतून कुंडींत शेतांतील काळी माती असली तर ती भिजून चिकट होते, मुळांना हवा मिळत नाहीं आणि तीं कुजतात. उलट कधीं माती अगदीं सुकून कुंडीच्या कडेपासून सुटते, व घातलेलें पाणी फटींतूनच वाहून जातें. दोन्ही प्रसंगीं पानें गळतात. म्हणून बोट मातींत खुपसून पाहिल्यावांचून पाणी घालूं नये. ओल लागली तर थांबावें. माती सुटली असेल तर कुंडी पाण्याच्या परातींत ठेवावी आणि बुडबुडे थांबतांच काढून निथळूं द्यावी. पाणी सकाळीं, फार गार नसलेलें द्यावें.

दुसरें कारण अंधार. खोलींत जन्मलेला वृक्ष कोणताच नाहीं. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यानें दक्षिणेच्या खिडकींतून ऊन बरेंच आंत येतें. झाड तेथें ठेवावें. पुढें हळूहळू सकाळचें कोंवळें ऊन अंगणांत द्यावें व रात्रीं घरांत घ्यावें.

तिसरें कारण जड पाणी. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलेल्या लातुरास पाण्याची किंमत सांगावयास नको. परंतु विंधनविहिरीच्या पाण्यांतील क्षार कुंडींत साचून मातीवर पांढरा थर येतो. तो खरवडून टाकावा आणि सांठविलेल्या पावसाच्या पाण्यानें माती एकवार धुऊन काढावी.

आजाऱ्यास पक्वान्न वाढूं नये, तसेंच अशा झाडास खत घालूं नये. कुंडी बदलणें आणि मोठी छाटणीही पुढें ढकलावी. मातीला कुजका वास येऊन मुळें काळीं, मऊ झालीं असतील तरच झाड उपसावें, सडका भाग धारदार कात्रीनें कापावा, आणि जाड वाळू, विटांचा चुरा व पालापाचोळ्याचें खत यांच्या मोकळ्या मिश्रणांत तें बसवावें.

यापुढें औषध एकच, आणि तें म्हणजे धीर. संक्रांतीनंतर दिवस मोठा होत असल्याचें जाणवूं लागतें. फाल्गुन-चैत्रांत डहाळीच्या टोंकाशीं कळी फुगते आणि तांबूस कोंवळें पान उलगडतें. तेव्हां थोडें खत द्यावें. आणि उघड्या फांद्या पाहून पौषांत ज्यानें झाड टाकून दिलें नाहीं, त्याच्या घरीं वडाचें वय आणखी एका वर्षानें वाढतें.