उन्हाळी विज्ञान शिबिर आणि बटाट्याचा अंतराळवीर

अमेरिकेतील उन्हाळी विज्ञान शिबिरांच्या माहितीपत्रकांत 'पुरेसे प्रतिनिधित्व नसलेले अल्पसंख्य विद्यार्थी' असा शब्दप्रयोग वर्षानुवर्षे आढळत आला आहे. तो नीट समजून घ्यायला हवा. येथे अल्पसंख्य म्हणजे धर्माने नव्हे, वंशाने. शिवाय केवळ संख्या कमी असून भागत नाही. कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी वंशाचे आणि मूळ अमेरिकी (ज्यांना आपली जुनी पाठ्यपुस्तके रेड इंडियन म्हणत) यांचे लोकसंख्येत जेवढे प्रमाण आहे, त्याहून ते वैज्ञानिक व अभियंत्यांमध्ये कमी आहे. न्यू जर्सीतल्या मराठी घरातला मुलगा मात्र या व्याख्येत बसत नाही. भारतीय वंशाचे लोक तेथे थोडे असले, तरी विज्ञान-तंत्रज्ञानात भरपूर आहेत.

ही शिबिरे बहुधा सहावी ते आठवीच्या मुलांसाठी असतात. याच वयात का? रॉबर्ट ताई आणि सहकाऱ्यांनी २००६ साली 'सायन्स'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९८८ मध्ये आठवीत असलेल्या मुलांना 'तिसाव्या वर्षी तुम्ही काय करत असाल?' असे विचारले होते. पुढे यांतील जे पदवीधर झाले, त्यांचे विषय तपासले. गणितात सरासरी गुण, पण विज्ञानात काम करण्याची इच्छा, अशा मुलांनी भौतिक विज्ञाने वा अभियांत्रिकीची पदवी मिळवण्याची शक्यता ३४ टक्के होती. गणितात हुशार, पण तशी इच्छा नसलेल्यांची १९ टक्के! गुणांपेक्षा इच्छा भारी ठरली. अर्थात इच्छेमुळेच पदवी मिळाली, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही.

इच्छा निर्माण व्हायला मात्र तसे काम करणारा माणूस दिसावा लागतो. बर्नार्ड हॅरिस यांचे उदाहरण पाहा. हे कृष्णवर्णीय डॉक्टर बालपणी काही वर्षे नवाहो लोकांच्या वस्तीत राहिले. त्यांची आई तेथे शिक्षिका होती. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी ते 'डिस्कव्हरी' यानातून बाहेर पडले आणि अंतराळात संचार करणारे पहिले आफ्रिकी-अमेरिकी ठरले. त्यांनी सुरू केलेल्या शिबिरांना २००६ पासून एक्झॉनमोबिल या तेल कंपनीचे पाठबळ मिळाले (कंपनीला अभियंते हवेच असतात!). पुढे वीसहून अधिक विद्यापीठांत ती भरत. दोन आठवडे मुक्काम विद्यापीठाच्याच वसतिगृहात, आणि सारे विनामूल्य.

अशा शिबिरांना शोभणारा एक प्रयोग नासाच्या शिक्षक-पुस्तिकेत आहे. तो आपल्या वर्गातही सहज होईल. एक कच्चा बटाटा टेबलावर ठेवा. प्लॅस्टिकची स्ट्रॉ त्यात हळूहळू खुपसून पाहा, ती वाकते. आता तीच स्ट्रॉ झटक्यात, सरळ रेषेत मारा (दुसरा हात दूर ठेवून!). ती चक्क आत घुसते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बंदुकीची गोळी सेकंदाला सुमारे १ किलोमीटर जाते, तर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कचऱ्याचा कण साधारण १० किलोमीटरने आदळू शकतो. वेग दसपट, म्हणजे तेवढ्याच वस्तुमानाला ऊर्जा शंभरपट.

मग हा बटाटा म्हणजे अंतराळवीर समजून त्याला पोशाख करायचा. कागद, कापड, ॲल्युमिनियमची चंदेरी पन्नी यांचे किती थर, कोणत्या क्रमाने दिले, तर स्ट्रॉ अडते? उत्तर पुस्तकात नसते, त्यामुळे मुले वाद घालतात. जाड पोशाख चांगला म्हणावा, तर कोपर वाकत नाही. शिवाय थंडीचाही विचार हवा. १९९५ च्या त्या फेरीत हॅरिस आणि मायकेल फोल यांना पोशाखात सुधारणा असूनही इतके गारठल्यासारखे झाले, की काम आवरते घ्यावे लागले.

शिबिरांची एक बाजू मला खटकते. निवडीत शाळेतील गुणांना व शिक्षकांच्या शिफारशीला वजन असते. त्यामुळे वर्गात गप्प बसणारे, पण घरी रेडिओ खोलून बसणारे पोर बाहेरच राहते.

आता तर शिबिरांचा पायाच हलला आहे. २०२३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ-प्रवेशात वंशाचा विचार करणे अमान्य ठरवले. एप्रिल २०२५ पासून तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने अशा समाजांना विज्ञानात आणण्यासाठी दिलेली शेकडो अनुदाने रद्द केली. काही संयोजक वंशाऐवजी कुटुंबाचे उत्पन्न, किंवा घरातून महाविद्यालयात जाणारी पहिली पिढी, असे निकष लावू लागले आहेत. त्यांतून तीच मुले येतील की वेगळी, हे पुढच्या काही उन्हाळ्यांतल्या हजेरीपटांवरून कळेल.