झोप आपली, पंचाईत गावाची

आंध्र प्रदेशात तोकलपल्ली नावाचं गाव आहे. २०१८ मध्ये तिथल्या पंचमंडळींनी फर्मान काढलं: सकाळी सात ते संध्याकाळी सात बायकांनी नाइटी घालून गावात फिरायचं नाही. फिरलीच कुणी, तर दंड २,००० रुपये. चुगली करणाऱ्याला बक्षीस १,००० रुपये! भातशेतीला इतका सोपा जोडधंदा सरकारलाही कधी सुचला नसता.

आपण महाराष्ट्रात बसून हसू नये. २०१४ मध्ये नवी मुंबईतल्या गोठिवलीत अगदी असाच नियम निघाला होता. दिवसा गाऊन घालून बाहेर दिसलात की ५०० रुपये. आणि नियम करणारं मंडळ चक्क महिलांचंच.

खरं तर गाऊनचा प्रश्न मराठी घरांनी कधीच निकालात काढलाय. बेल वाजली की खांद्यावर ओढणी. ओढणी सापडेना, तर दोरीवरचा टॉवेल. टॉवेल आला की तोच गाऊन भाजीवाला, कुरियरवाला, गॅस सिलिंडर आणि सोसायटीच्या सेक्रेटरीसमोरही सभ्य ठरतो. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे, पण चालतं.

शांघायमध्ये टॉवेलचीही गरज नव्हती. जुन्या गल्ल्यांमधली घरं चिमुकली, स्वयंपाकघर शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेलं, त्यामुळे गल्ली म्हणजे घराचंच अंगण. लोक नाइट सूटवरच बाजारात जायचे. फुलाफुलांचे, अस्वलांचे, इस्त्री केलेलेसुद्धा. मग २०१० मध्ये तिथे जागतिक प्रदर्शन भरायचं ठरलं, पाहुणे येणार म्हणून सरकारला लाज वाटू लागली आणि ‘पायजमा घरात ठेवा’ अशी मोहीमच निघाली. दहा वर्षांनी, २०२० मध्ये, अनहुई प्रांतातल्या सूझोऊ शहरानं त्यावर कडी केली. चेहरे ओळखणारे कॅमेरे वापरून पायजम्यात फिरणारे सात जण शोधले आणि त्यांचे फोटो जाहीर केले. चोर पकडायचं यंत्र आणि सापडला कोण, तर दूध आणायला निघालेला माणूस! लोक इतके भडकले की अधिकाऱ्यांना माफी मागावी लागली. माफी फोटो छापल्याबद्दल होती बरं का, पायजम्याबद्दलचं मत तसंच राहिलं.

त्याच २०१० साली वेल्समधल्या कार्डिफच्या एका टेस्को दुकानातही पाटी लागली: अनवाणी आणि रात्रीच्या कपड्यांत येऊ नये.

आता या इंग्रजांना पायजमा दिला कुणी? आपणच. इथं आलेल्या साहेबाला इथला सैलसर, नाडीचा पायजमा आवडला आणि तो मायदेशी घेऊन गेला. तोवर तिकडचे पुरुष गुडघ्याखाली पोचणाऱ्या लांबलचक सदऱ्यात झोपायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पायजमा तिकडे रुळला, त्यावर कॉलरचा शर्ट चढला आणि मग तोच माल नाइट सूट म्हणून आपल्या दुकानांत परत आला. छातीवर खिशासकट. झोपेत त्या खिशात काय ठेवायचं, हे अजून कुणीही समजावून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात चर्चिलसाहेबांनी तर झगडाच मिटवला. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की कपडे बदलण्यात वेळ जाऊ नये म्हणून त्यांच्याकडे अखंड, समोर चेन असलेला ‘सायरन सूट’ होता. मखमलीचाही एक होता. लहान बाळांना घालतात तसलाच हा कपडा घालून ते व्हाइट हाउसमध्येसुद्धा वावरले. दंड झाल्याची नोंद नाही.

पंखा फुल, वर गोधडी

पंखा पाचवर आणि अंगावर आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी, यावरून घराघरांत भांडणं होतात. त्यात एक पाय गोधडीबाहेर काढणारे वेगळेच. त्यांना वेडं ठरवण्याआधी हे ऐका. झोप यायची तर शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि ही उष्णता बाहेर टाकायचं काम मुख्यतः हातापायांचे तळवे करतात. १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिलं की, ज्याचे पाय गरम त्याला झोप लवकर लागते. पाय ऊबदार असले की तिथल्या रक्तवाहिन्या सैलावतात, उष्णता बाहेर पडते, आतलं शरीर थंडावतं. म्हणजे थंडीत मोजे घालून झोपणारी आजी शहाणी, आणि उकाड्यात पाय बाहेर काढणारा नातूही शहाणा. पंख्याचं बटण कुणाच्या ताब्यात असावं, यावर मात्र ‘नेचर’ गप्प आहे.

शरीराला दिवस किती तासांचा हवा, हे बघायला नॅथॅनियल क्लाइटमन हे शास्त्रज्ञ १९३८ मध्ये एका सहकाऱ्याला घेऊन केंटकीमधल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. ऊन नाही, चांदणं नाही, दिवस ठरवला २८ तासांचा. तरुण सहकाऱ्याचं शरीर त्या वेळापत्रकाला रुळलं. क्लाइटमनांचं काही केल्या ऐकेना! झोपेवरच आयुष्य घालवलेला हा माणूस शंभरी ओलांडून गेला, एवढं मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे.

उलट टोकाला रँडी गार्डनर. सॅन डिएगोचा हा सतरा वर्षांचा मुलगा १९६४ च्या सुमारास शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी २६४ तास जागा राहिला. अकरा दिवस! आता असले विक्रम गिनेसवाले नोंदवतच नाहीत, धोका असतो म्हणून. त्यामुळे रात्री दोनला ग्रुपवर ‘कोण जागं आहे?’ विचारणाऱ्यांना पदक मिळण्याची आशा उरलेली नाही.

कपडे धुण्याचा कंटाळा असलेल्यांनी अंतराळवीर व्हावं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात वॉशिंग मशिन नाही. कपडे मळेपर्यंत घालायचे, मग कचऱ्याबरोबर मालवाहू यानात भरायचे. ते यान वातावरणात शिरताना सगळ्यासकट जळून जातं. झोपायचं भिंतीला बांधलेल्या पिशवीत. चोवीस तासांत सोळा सूर्योदय होतात, तेव्हा ‘सूर्य डोक्यावर आला, ऊठ’ हे वाक्यही तिथं बाद.

उठवायचा धंदा

गजराचं घड्याळ परवडत नव्हतं तेव्हा इंग्लंडच्या गिरणीगावांत पैसे घेऊन उठवणारी माणसं होती. लांब काठीनं वरच्या मजल्याची खिडकी वाजवायची. पूर्व लंडनमधल्या मेरी स्मिथ नावाच्या बाई तर नळीतून फुंकून वाळके वाटाणे खिडकीवर मारायच्या. आठवड्याचे सहा पेन्स.

मुंबईत हे काम गिरणीचा भोंगा फुकटात करायचा. गिरणगावात एका खोलीत इतकी माणसं, की झोपही पाळीपाळीनं. पहिल्या पाळीचा बाहेर पडला की त्याच जागेत रात्रपाळीच्याची वळकटी उलगडायची.

आणि मुंबईला स्वतःचं घड्याळही होतं. १९०६ मध्ये भारताची प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईकरांनी हट्टानं आपली जुनी वेळ चालूच ठेवली, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. गिरण्यांनी नवी वेळ लावताच कामगारांनी दगड उचलले. उगाच नाही, ३९ मिनिटं आधी उठायचं होतं ना! शहराची ही वेगळी चूल १९५५ पर्यंत पेटती होती.

पुण्यानं घड्याळाशी वाद घातला नाही, फक्त एक ते चार शटर खाली ओढलं. वामकुक्षीचा दरारा एवढा, की २०१७ मध्ये चितळे बंधूंनी दुपारी दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तर त्याची बातमी झाली. बाकरवडी दुपारी मिळते, ही बातमी!

गोव्यात हा विषय थेट निवडणुकीत उतरला. गोवा फॉरवर्डच्या विजय सरदेसाईंनी २०२१ मध्ये जाहीर केलं की, आपण मुख्यमंत्री झालो तर दुपारी दोन ते चार सक्तीची विश्रांती देऊ. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला एकच जागा मिळाली, ती त्यांची स्वतःची. गोव्यातली दुकानं दुपारी आजही बंद होतात, कायद्यावाचून.