हिरव्या छतावरची मुंगी आणि गळतीचा आळ

छतावर माती पसरून झाडं लावली की वर्षभरात तिथे मुंग्या दिसतात, आणि त्या इमारत पोखरत वर आल्या असं रहिवासी ठरवून टाकतात. प्रत्यक्षात त्या बहुधा कुंड्यांच्या मातीतून नाहीतर हवेतून आलेल्या असतात. पंखवाली राणी उडत असतानाच किंवा उडाल्यावर मीलन करते, ओलसर मातीत उतरते, पंख गाळते आणि बिळात स्वतःला कोंडून घेते. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची राणी पहिल्या कामकरी मुंग्या तयार होईपर्यंत काही खातही नाही. उडण्याच्या निकामी झालेल्या स्नायूंवर तिचं भागतं. माती पाचव्या मजल्यावर आहे याच्याशी तिला कर्तव्य नसतं.

मुंग्यांमुळे छत गळतं हा आळ मात्र जास्त चिवट आहे. त्यामागे मुंगी आणि वाळवी यांची गल्लत असते. वाळवी ही झुरळांच्या कुळातली, लाकूड खाणारी; मुंगीचं कुळ गांधीलमाशीजवळचं, आणि लाकडात घर करणाऱ्या मुंग्यासुद्धा लाकूड खात नाहीत. हिरव्या छतात स्लॅबवर जलरोधक थर, मुळं अडवणारा थर, निचऱ्याचा थर आणि मग माती असते. वर्षानुवर्षं मुळांना दाद न देणाऱ्या अखंड थराला मुंगी भोक पाडेल ही भीती अवाजवी आहे. अशी छतं टिकतातही: झ्युरिकमधल्या वोलिसहोफेनच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या छतावर १९१४ साली घातलेल्या मातीत आज ऑर्किडच्या नऊ जाती वाढतात. बाझल शहरात तर छतावरच्या मातीची जाडी मुद्दाम कमी-जास्त ठेवायला सांगतात, कीटकांना आसरा मिळावा म्हणून. आक्षेपात तथ्य एवढंच, की इन्सुलेशनचा फोम मुंग्या कोरतात आणि आधीच पडलेल्या भेगांतून आतही शिरतात. पण भेग हा बांधकामाचा दोष. मुंगीने तो फक्त दाखवला.

झाडांचं नुकसान मुंग्या थेट क्वचितच करतात. त्या मावा आणि पिठ्या ढेकूण सांभाळतात, गोड स्रावासाठी त्यांचं शत्रूंपासून रक्षण करतात, हे खरं. तेव्हा उपाय माव्यावर करावा. सरसकट औषध मारलं की मावा खाणारे ढालकिडेही मरतात. घरात राहणाऱ्या फेरो मुंगीच्या बाबतीत तर फवारणी उलटतेच: वसाहत फुटते आणि एकीच्या चार होतात. म्हणून छतावर मुंग्या दिसल्या तर फवारणीवाल्याला बोलावण्याआधी पाण्याच्या पाइपभोवतीचे आणि कठड्याकडेचे सांधे तपासून घ्या.