ओढणाऱ्याला घाम फुटतो तेव्हा

कोलकात्यात १९०२च्या मार्चमध्ये विजेवरची पहिली ट्राम धावली ती एस्प्लनेडहून खिदिरपूरकडे. तिचं कौतुक खूप झालं. तिने कुणाची सुटका केली, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. त्याआधी ट्राम ओढत ते घोडे. १८७३चा सियालदह ते आर्मेनियन घाट हा पहिला प्रयोग वर्षभरही टिकला नाही. १८८०मध्ये पुन्हा सुरुवात झाली आणि शतक सरेपर्यंत कंपनीच्या पागेत हजारेक घोडे जमले. त्यांत ऑस्ट्रेलियातून जहाजाने आणलेले धिप्पाड वेलर होते. इथल्या उन्हाळ्यात ते पटापट दगावत.

स्नायू जी ऊर्जा जाळतात तिच्यातली जेमतेम पाव ओढण्याच्या कामी येते. बाकीची उष्णता होऊन अंगातच साचते. घोडा ती घामावाटे बाहेर टाकतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. पण वाळला तर! दमट हवेत तो नुसताच ओघळतो. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. त्यांचीही घोड्यांची ट्राम १८७४ची.

आता हाच घोडा अंटार्क्टिकात न्या. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघालेल्या कॅप्टन स्कॉट यांनी १९१०मध्ये मांचुरियातली १९ तट्टं नेली. त्यांची देखभाल होती कॅप्टन ओट्स यांच्याकडे. हे गृहस्थ इंदूरजवळच्या महू छावणीतून थेट या मोहिमेत आले होते. अंटार्क्टिकात तट्टांना घाम सुटायचा आणि केसांवरच गोठायचा. रोज मुक्कामाला तट्टांच्या आडोशाला बर्फाच्या भिंती रचाव्या लागत. पुढच्या वर्षासाठी शिमल्याला तयार केलेली सात खेचरं हिंदुस्थानातून गेली. लाल खान, गुलाब, बेगम, राणी, प्यारी, अब्दुल्ला, खान साहिब अशी त्यांची नावं. डोळ्यांना बर्फात वापरायचे चष्मे लावून ती ध्रुवावरून न परतलेल्या स्कॉटच्या शोधात निघाली. खुराकाला तोंड लावायची नाहीत, पण चहाचा चोथा आणि दोरखंड आवडीने खायची. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी तंबू सापडला, त्यात स्कॉट आणि दोन सोबती मृतावस्थेत होते. ओट्स त्याआधी मार्चमध्येच तंबूबाहेर वादळात निघून गेले होते, ते परतलेच नाहीत.

ध्रुवाच्या शर्यतीतले स्कॉटचे प्रतिस्पर्धी अमुंडसेन यांचा भरवसा कुत्र्यांवर. ५२ कुत्री घेऊन ते निघाले, १४ डिसेंबर १९११ला दक्षिण ध्रुवावर पोहोचले आणि परतले तेव्हा ११ उरली होती. बाकीची बरीचशी ठरवून मारून इतर कुत्र्यांना आणि माणसांना खाऊ घातली. त्या यशाचा हा हिशेब वाचताना अंगावर काटा येतो.

कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना. त्यामुळे त्याच्या दुहेरी केसांत बर्फ धरत नाही. उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः धापेवाटे, लोंबत्या ओल्या जिभेवरून. स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी ओढताना तो पळता पळताच मान वळवून कडेचा बर्फ तोंडात घेतो. हाकणाऱ्याला थांबावं लागत नाही. रात्री बर्फात खड्डा करून, नाक शेपटीखाली घालून झोपतो.

कुत्रा आणि स्लेज ही जोडी फार जुनी. सायबेरियाच्या उत्तरेला झोखोव्ह बेटावर स्लेजचे तुकडे आणि कुत्र्यांची हाडं सापडली आहेत. तिथल्या सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याचा जनुकीय आराखडा २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रीनलंडमधली आजची स्लेजची कुत्री त्याचीच जवळची नातलग निघाली. पिष्ट पचवण्यासाठी इतर पाळीव कुत्र्यांत झालेले बदल या घराण्यात फारसे दिसत नाहीत, चरबीवर जगण्याचे दिसतात. भाकरीच्या तुकड्यावर वाढलेल्या आपल्या गल्लीतल्या मोत्याची वाट इथे वेगळी झाली.

तरी कुत्र्यालाही हद्द आहेच, फक्त ती दुसऱ्या टोकाला. अलास्कात १९७३पासून होणाऱ्या आयडिटारॉड या दीडेक हजार किलोमीटरच्या शर्यतीत पारा शून्याजवळ आला की हाकणारे काळजीत पडतात. मग दुपारभर कुत्र्यांना पेंढ्यावर निजवतात आणि ऊन उतरलं की पुन्हा जुंपतात.